स्वस्त ट्रॅकिंग टॅगमधला क्रिस्टल: पीपीएमचा हिशोब कसा मांडायचा आणि घरच्या घरी कसा मोजायचा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फाउंड्रीत जाऊन विचारा, पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो नमुना) शोधण्यात किती वेळ जातो म्हणून. लाकडी पॅटर्न, ॲल्युमिनियमचे पॅटर्न, कोअर बॉक्स, एक रॅकवर, एक दुरुस्तीला बाहेर, एक भलत्याच शेडमध्ये, आणि मोल्डिंगवाला तिकडे खोळंबून बसलेला. म्हणून आपल्याकडची बरीच पोरं, कुणी व्हीटीयूच्या (इथल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या) शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तर कुणी छोटा धंदा म्हणून, ब्लूटूथचा स्वस्त टॅग करून पॅटर्नला लावायचं बघतायत, निपाणी-चिकोडीकडे उसाच्या ट्रॉलीला लावायचा विचार चाललाय, खानापूरकडे गुरांच्या गळ्यात. चांगलं काम आहे आणि ते आपल्याच गावात व्हावं असं मला मनापासून वाटतं. अडतं कुठे, तर पहिला टॅग टेबलावर झकास चालतो, मग लॉट केला की त्यातले काही जागेवर गेल्यावर दिसेनासे होतात, आणि सगळे कोड उघडून बसतात. कोडमध्ये बऱ्याचदा काहीच नसतं. चिपच्या शेजारी जो तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, वरून पत्र्याचं झाकण असलेला, चिपला ठोका देणारा क्रिस्टल बसलेला असतोय, त्याची फ्रिक्वेन्सी सरकलेली असते, आणि ती नुसत्या क्रिस्टलमुळे नाही, त्याच्या दोन बाजूंच्या कपॅसिटरमुळे पण सरकलेली असते. हे सगळं नव्या माणसाला क्रमाने कसं करायचं ते लिहितोय.

आधी खात्री करा की दोष क्रिस्टलचाच आहे

पहिल्यांदा क्रिस्टलवर संशय घेऊ नका. टॅग दिसत नाही याचं सगळ्यात कॉमन कारण अँटेना असतं, ॲल्युमिनियमच्या पॅटर्नवर टॅग सपाट चिकटवला की अँटेनाचं ट्यूनिंग पार बिघडतं, आणि दुसरं कारण बॅटरी, सीआर २०३२ सेल अर्धी उतरली की रेडिओ चालू होताना व्होल्टेज खाली बसतं आणि चिप रिसेट होते. हे दोन आधी बघा.

फरक ओळखायचा कसा, तर आरएसएसआय (सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) बघायचा. अँटेना बिघडली असेल तर सिग्नलच कमजोर येतो, म्हणजे जिथं उणे ६० यायला पाहिजे तिथं उणे ८० दिसतं. पण सिग्नल चांगला दिसतोय, येतात ती पॅकेट मजबूत येतायत आणि तरी मधली मधली पॅकेट गळतायत, फोनवर टॅग दिसतो पण ईएसपी ३२ चिपच्या स्वस्त गेटवेवर (टॅगचे सिग्नल ऐकून पुढे पाठवणाऱ्या डब्यावर) दिसत नाही, सकाळी दिसतो दुपारी दिसत नाही, एकाच लॉटमधला एक टॅग दिसतो आणि शेजारचा दिसत नाही, असलं काही असेल तर फ्रिक्वेन्सीवर संशय घ्यायला जागा आहे. फोनचा स्वतःचा क्लॉक चांगला असतो म्हणून तो टॅगच्या चुका पोटात घालतो, गेटवेचा क्रिस्टल पण स्वस्तातला असेल आणि तो उलट्या दिशेला सरकलेला असेल तर दोघांची चूक एकमेकांत मिळते आणि तिथंच पॅकेट फुटतं. म्हणून फक्त फोनवर टेस्ट करून टॅग पास करू नका, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पीपीएम म्हणजे नेमके किती हर्ट्झ

पीपीएम म्हणजे दहा लाखात एक. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण टॅगचा रेडिओ २४०० मेगाहर्ट्झच्या वर चालतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी त्या ३२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरूनच गुणून काढलेली असते, त्यामुळे क्रिस्टल जितके पीपीएम चुकला तितकेच पीपीएम रेडिओ चुकतो. २४४० मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे २.४४ किलोहर्ट्झ. एवढा एक आकडा पाठ करा, बाकी सगळा गुणाकार.

ब्लूटूथ लो एनर्जीच्या नियमात टॅगची सेंटर फ्रिक्वेन्सी जास्तीत जास्त ±१५० किलोहर्ट्झ सरकली तर चालते, म्हणजे साधारण ६१ पीपीएम. पण हा नियमाचा शेवटचा काठ झाला, चिप बनवणारे त्याच्या आधीच थांबायला सांगतात, नॉर्डिकच्या एनआरएफ ५२८३२ ला ब्लूटूथसाठी ±४० पीपीएम लागतं, आणि ईएसपी ३२ ला तर ±१० पीपीएमचा क्रिस्टल लावा असं तिच्या हार्डवेअर गाईडमध्ये आहे. ४० पीपीएम म्हणजे ९८ किलोहर्ट्झच्या आसपास. आणि ही ४० ची मर्यादा सगळं धरून आहे, खोलीचं तापमान, उन्हाळा-हिवाळा, क्रिस्टलचं वय, कपॅसिटरची चूक, सगळं मिळून. नवीन माणूस इथंच फसतो, पिशवीवर १० पीपीएम लिहिलंय म्हणजे आपला टॅग १० पीपीएमचा झाला असं त्याला वाटतं.

पिशवीवरच्या दहाचे अठ्ठेचाळीस कसे होतात

एक उदाहरण कागदावर मांडून बघा. ३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घेतला, डेटाशीटवर तीन वेगळे आकडे असतात. २५ डिग्रीला टॉलरन्स ±१०. तापमानाच्या पूर्ण रेंजमध्ये स्टॅबिलिटी ±२०. पहिल्या वर्षाचं एजिंग ±३. इथंच ३३ झाले.

आता कपॅसिटर. क्रिस्टलच्या दोन्ही पायांना जमिनीकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो, आणि क्रिस्टलवर लिहिलेली फ्रिक्वेन्सी ठराविक लोड कपॅसिटन्स असेल तरच मिळते, त्याला सगळे सीएल म्हणतात. समजा सीएल ८ पिकोफॅरड आहे. दोन कपॅसिटर १२-१२ चे, प्रत्येक पायावर चिपचं आणि ट्रॅकचं मिळून अजून ४ च्या आसपास, म्हणजे प्रत्येक पायावर १६, दोन्ही सिरीजमध्ये येतात म्हणून निम्मं, ८. बरोबर बसलं. पण कपॅसिटर ५ टक्क्यांचे असतील तर १२ चा ११.४ पण येऊ शकतो आणि १२.६ पण, आणि ते ट्रॅकचं-पिनचं ४ धरलेलं तर अंदाजच आहे. अशा लहान क्रिस्टलमध्ये सीएल १ पिकोफॅरडने चुकलं की फ्रिक्वेन्सी साधारण १८ पीपीएमने सरकते (आतला मोशनल कपॅसिटन्स ३ फेम्टोफॅरड आणि शंट १ पिकोफॅरड धरला तर, तुमच्या क्रिस्टलच्या डेटाशीटवरून हा आकडा काढून घ्या). कपॅसिटरच्या ५ टक्क्यांचे साडेपाच पीपीएम, आणि त्या ट्रॅकच्या-पिनच्या ४ च्या (ह्यालाच स्ट्रे कपॅसिटन्स म्हणतात) अंदाजात सीएलमध्ये अर्धा पिकोफॅरड चुकला तर नऊ पीपीएम.

१०, २०, ३, साडेपाच, नऊ. साडेसत्तेचाळीस. ४० च्या बाहेर. क्रिस्टल चांगला, कपॅसिटर चांगले, कुणाचीच चूक नाही आणि तरी लॉटमधले काही टॅग नापास होऊ शकतात.

ह्यात कमी काय करता येतं ते बघा. क्रिस्टल जास्त महागाचा घेणं हा एक रस्ता. पण ते नऊ पीपीएम मोजून काढता येतात, कारण स्ट्रे कपॅसिटन्स एका डिझाईनच्या सगळ्या बोर्डवर जवळपास सारखंच असतं, एकदा मोजलं आणि कपॅसिटरची व्हॅल्यू बदलली की ते नऊ गेले, खर्च शून्य, आणि बेरीज साडेअडतीसवर आली. माझं ठाम मत आहे की नवीन माणसाने पैसे टाकायच्या आधी हे मोजमाप करावं, कारण महागाचा क्रिस्टल घेऊन चुकीचा कपॅसिटर लावला तर तो महाग क्रिस्टल पण तेवढाच सरकतो.

किती सरकतो याचा एक ढळढळीत नमुना. ह्या छोट्या सिरॅमिक (एमएलसीसी) कपॅसिटरवर काही छापलेलं नसतं, १२ चा आणि १८ चा शेजारी ठेवला तर डोळ्याने ओळखता येत नाही, आणि वर्कशॉपमध्ये रीलचे तुकडे मिसळतात. १२ च्या जागी १८ चे लागले तर प्रत्येक पायावर २२, निम्मं ११, म्हणजे सीएल ८ च्या जागी ११. त्याच क्रिस्टलवर हिशोब करा, फ्रिक्वेन्सी सुमारे ४२ पीपीएमने खाली येते, रेडिओवर शंभरएक किलोहर्ट्झ. बाकी काहीही न जोडता एकटा कपॅसिटरच तुमची सगळी ४० ची मर्यादा खाऊन टाकतो. टॅग मेलेला नसतो, टेबलावर फोनला दिसतो पण, म्हणूनच हा दोष लवकर सापडत नाही.

कपॅसिटर घेताना सी०जी किंवा एनपी० प्रकारचाच घ्यायचा, दोन्ही एकच. एक्स७आर तापमानाबरोबर बदलतो, तो इथं चालत नाही.

क्रिस्टल घेताना दुकानात काय विचारायचं

बेंगळूरच्या एसपी रोडवरनं आणा नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं, नाहीतर ऑनलाईन मागवा, फ्रिक्वेन्सी सांगून थांबू नका.

"काका, बत्तीस मेगाहर्ट्झ क्रिस्टल आहे काय?"
"आहे की. किती पाहिजेत?"
"सीएल किती आहे ह्याचा? रीलचं लेबल बघू द्या की जरा."

लेबलवर पार्ट नंबर असतो, त्यावरून डेटाशीट निघतं, आणि डेटाशीटमध्ये सीएल, टॉलरन्स, स्टॅबिलिटी, ईएसआर (क्रिस्टलचा आतला रेझिस्टन्स) हे चार बघायचे. सीएल कळत नसेल तर तो क्रिस्टल फुकट मिळाला तरी घेऊ नका. मायक्रोकंट्रोलरसाठी जे मोठ्या डब्याचे क्रिस्टल मिळतात त्यांचा सीएल बऱ्याचदा १८ किंवा २० पिकोफॅरड असतो, ते टॅगच्या चिपला जुळत नाहीत, एनआरएफ ५२८३२ तर १२ च्या वरचं सीएल घेतच नाही. ईएसआर जास्त असेल तर क्रिस्टल सुरूच व्हायला त्रास देतो, विशेषतः थंडीत आणि बॅटरी उतरल्यावर. आणि सिरॅमिक रेझोनेटर स्वस्त म्हणून रेडिओला लावायचा विचार कुणी करत असेल तर करू नका, त्याची चूक अर्ध्या टक्क्याची असते, म्हणजे ५००० पीपीएम.

मोजायचं कसं: प्रोब लावू नका, जीपीएस लावा

आता मुख्य काम. ऑसिलोस्कोपचा प्रोब क्रिस्टलच्या पायावर ठेवून फ्रिक्वेन्सी वाचायची, हे सगळ्यात पहिल्यांदा सुचतं आणि तेच चुकीचं आहे. प्रोबचं स्वतःचं कपॅसिटन्स दहापट सेटिंगवर पण दहा-पंधरा पिकोफॅरड असतं, वर आपण बघितलं की १ पिकोफॅरडला किती सरकतंय, म्हणजे प्रोब ठेवल्या ठेवल्या फ्रिक्वेन्सी बदलली, कधीकधी क्रिस्टल बंदच पडतो.

दुसरी अडचण, ऑनलाईन मिळणारा स्वस्त फ्रिक्वेन्सी काउंटर. त्याच्या आत पण तसलाच क्रिस्टल आहे. कारखान्याचा काटाच चुकीचा असेल तर उसाची ट्रॉली किती भरली ते कसं कळणार, तसं आहे हे. मोजणारं साधन मोजायच्या गोष्टीपेक्षा किमान दहापट चांगलं पाहिजे.

असलं साधन स्वस्तात एकच आहे, जीपीएसचा एक सेकंदाचा पल्स, पीपीएस. उपग्रहावरच्या अणुघड्याळावरून येतो. यू-ब्लॉक्सचा निओ-६एम मॉड्यूल प्रोजेक्टवाल्या प्रत्येक पोराच्या डब्यात असतोच, त्याचा पल्स काही दशक नॅनोसेकंदांत अचूक असतो, एका सेकंदावर बघितलं तर ०.०३ पीपीएमच्या आसपास, आपल्याला भरपूर झालं. आणि टॅगमधल्या चिपलाच मोजायला लावायचं, बाहेरचा काउंटर नकोच.

पद्धत अशी. जीपीएसची पीपीएस पिन टॅगच्या एका इनपुट पिनला जोडा, ग्राउंड ग्राउंडला. एनआरएफ ५२ मध्ये टायमर १६ मेगाहर्ट्झवर चालवता येतो, ३२ बिट मोडमध्ये ठेवा, आणि पिनवर पल्स आला की टायमरची व्हॅल्यू कॅप्चर व्हावी असं जीपीआयओटीई आणि पीपीआयने (चिपच्या आतली, प्रोसेसरला मध्ये न घेणारी जोडणी) जोडून द्या, इंटरप्टमध्ये वाचू नका कारण इंटरप्ट कधी लवकर कधी उशिरा येतो. मग आधीची व्हॅल्यू वजा करा आणि सिरीयलवर छापा. दर सेकंदाला एक आकडा पडायला लागेल. क्रिस्टल अगदी बरोबर असेल तर १,६०,००,००० यायला पाहिजे. जितका फरक येईल त्याला १६ ने भागा, ते तुमचे पीपीएम.

दोन जागी लोक अडकतात. एक, कोडमध्ये ३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मुद्दाम सुरू करावा लागतो, नाहीतर चिप आतल्या आरसी ऑसिलेटरवर (क्रिस्टलशिवायच्या, कमी अचूक घड्याळावर) चालते आणि फरक हजारांत-लाखांत दिसतो, मग माणूस घाबरून क्रिस्टल बदलत बसतो. दोन, जीपीएसला फिक्स मिळेपर्यंत पल्सच येत नाही, खोलीत सिलिंगखाली बसून चालणार नाही, अँटेना खिडकीत किंवा गच्चीवर ठेवा, मॉड्यूलवरचा छोटा एलईडी लुकलुकायला लागला की फिक्स झाला समजा. चार पिनांच्या निळ्या बोर्डवर पीपीएस बाहेर काढलेलाच नसतो, तो त्या एलईडीलाच जातो, एलईडीच्या रेझिस्टरवरून बारीक वायर सोल्डर करून घ्यावी लागते. पातळ सोल्डर, पातळ टीप, हात स्थिर.

समजा आकडे असे पडतायत, १,५९,९९,७४५, १,५९,९९,७४३, १,५९,९९,७४४. फरक २५६. भागिले १६, उणे १६ पीपीएम. काउंट कमी म्हणजे क्रिस्टल हळू, म्हणजे लोड जास्त, कपॅसिटर कमी करायचे. काउंट जास्त आला तर उलट. वरच्या उदाहरणातल्या क्रिस्टलवर दोन्ही कपॅसिटर १ पिकोफॅरडने कमी केले की सीएल अर्ध्याने कमी होतं आणि फ्रिक्वेन्सी आठ-नऊ पीपीएमने वर येते, म्हणजे १२ चे काढून १० चे लावले की आकडा १,६०,००,००० च्या अगदी जवळ जाऊन बसतो. ते लागलेले कपॅसिटर बदलून परत आकडे बघताना जे समाधान मिळतं ना, ते स्वतः केल्याशिवाय कळणार नाही.

एकाच बोर्डवर ट्यून करू नका पण. त्या एका क्रिस्टलची स्वतःची ±१० ची चूक त्यात मिसळलेली असते. पाच-दहा बोर्ड मोजा, सरासरी काढा, त्या सरासरीला मध्यावर आणा. सोल्डरिंग झाल्या झाल्या पण मोजू नका, गरम बोर्ड चुकीचं सांगतो आणि क्रिस्टल सोल्डरच्या उष्णतेने थोडा हलतो, दुसऱ्या दिवशी मोजलेलं बरं.

ज्यांच्याकडे एसडीआर (कॉम्प्युटरला जोडायचा रेडिओ) आहे त्यांच्यासाठी एवढंच, साधा आरटीएल-एसडीआर २४०० मेगाहर्ट्झपर्यंत पोचत नाही, हॅकआरएफ पोचतो पण त्याचा स्वतःचा क्रिस्टल २० पीपीएमचा आहे, म्हणजे पुन्हा काट्याचाच प्रश्न. नव्या काही चिपमध्ये, उदाहरणार्थ एनआरएफ ५३४० मध्ये, लोड कपॅसिटर चिपच्या आतच असतात आणि सॉफ्टवेअरने बदलता येतात, तिथं सोल्डरिंगची गरज नाही, मोजायची पद्धत हीच.

दुसरा क्रिस्टल, ३२.७६८ किलोहर्ट्झचा: लागतो का?

बऱ्याच टॅगवर दोन क्रिस्टल असतात. मोठ्या फ्रिक्वेन्सीचा रेडिओसाठी, आणि ३२,७६८ हर्ट्झचा झोपेतली वेळ मोजायला (दोनचा पंधरावा घात, पंधरा वेळा भागलं की बरोबर एक सेकंद). पैसे वाचवायची खरी जागा ही आहे.

टॅग नुसता ओरडत असेल, म्हणजे दर दोन सेकंदांनी आपला नंबर ॲडव्हर्टाइज करून परत झोपत असेल, तर हा क्रिस्टल काढून टाका. ब्लूटूथच्या नियमातच प्रत्येक ॲडव्हर्टाइजमध्ये ० ते १० मिलिसेकंदांचा रँडम उशीर घातलेला असतो, ऐकणारा नेमक्या वेळेवर अवलंबून नसतोच, तिथं चिपच्या आतला आरसी ऑसिलेटर, जो कॅलिब्रेट केल्यावर ±५०० पीपीएममध्ये राहतो, तो पुरतो. पॅटर्नच्या टॅगला हेच पुरतं. पॅटर्न कुठल्या शेडमध्ये आहे एवढंच तर कळायला पाहिजे.

टॅग फोनशी किंवा गेटवेशी कनेक्शन धरून ठेवत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोघं ठरलेल्या वेळी उठतात, आणि घड्याळ जितकं बेभरवशाचं तितकं टॅगला आधी उठून रिसीव्हर चालू ठेवावा लागतो. ४ सेकंदांचा इंटरव्हल धरा, समोरच्याचं घड्याळ ५० पीपीएमचं. टॅगचं ५०० असेल तर ५५० पीपीएम गुणिले ४ सेकंद, २.२ मिलिसेकंद आधी उठायचं. टॅगचं २० असेल तर ०.२८ मिलिसेकंद. दर वेळी रिसीव्हर काही मिलिअँप ओढत असतो आणि सेल काही दोनशे-सव्वादोनशे मिलिअँपतासांची, म्हणजे इथं क्रिस्टल लावला तर तो बॅटरीत पैसे परत देतो. कॉन्फिगमध्ये अचूकता भरताना खरी भरा. २० भरून प्रत्यक्षात १०० असेल तर टॅग उशिरा उठतो आणि कनेक्शन तुटत राहतं, आणि हे पण लोक कोडमध्येच शोधत बसतात.

ह्या छोट्या क्रिस्टलचा स्वभाव वेगळा आहे. रेडिओवाला एटी-कट क्रिस्टल २५ डिग्रीच्या आसपास बराच शांत असतो. हा ट्यूनिंग फोर्क प्रकारचा, २५ डिग्रीला सगळ्यात वेगात, तिथून गरम होवो की थंड, दोन्हीकडे हळूच होतो, तापमानाच्या फरकाच्या वर्गाला साधारण ०.०३४ ने गुणायचं. आपल्याकडे बेळगावात हवा तशी सौम्य, हिवाळ्यातल्या पहाटे १० डिग्री धरली तरी फरक १५ चा, सात-आठ पीपीएम, काही नाही. पण एप्रिलच्या उन्हात ट्रॅक्टरच्या पत्र्यावर बसवलेला काळा डबा आतून ६५ डिग्री झाला तर फरक ४० चा, वर्ग १६००, चोपन्न पीपीएम हळू. फाउंड्रीत भट्टीच्या बाजूच्या शेडमध्ये पण हेच. दिवसाला ८६,४०० सेकंद असतात, ५४ पीपीएम म्हणजे दिवसाला साडेचार सेकंदांच्या वर मागे. टॅग नुसता वेळ नोंदवत असेल तर चालेल, एकमेकांशी ठरलेल्या वेळी बोलणारे टॅग असतील तर महिन्याभरात त्यांची गाठच पडणार नाही, मधूनमधून गेटवेने वेळ परत लावून द्यावी लागते.

ट्रॉलीसाठी लोरा असेल तर

उसाची ट्रॉली फडातनं कारखान्याच्या यार्डापर्यंत जाते, तिथं ब्लूटूथ पोचत नाही, लोरा (लांब पल्ल्याचा, कमी पॉवरचा रेडिओ) वापरतात. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ बिनलायसन्सचा पट्टा आहे. फ्रिक्वेन्सी कमी म्हणून १ पीपीएमचे हर्ट्झ पण कमी, ८६५. पण लोराचा चॅनेल पण अरुंद. १२५ किलोहर्ट्झच्या बँडविड्थवर साधारण पाव भाग, म्हणजे ३१ किलोहर्ट्झपर्यंत दोघांतला फरक चालतो. टॅग २० पीपीएम एका बाजूला, गेटवे २० पीपीएम दुसऱ्या बाजूला, सव्वासतरा अधिक सव्वासतरा, साडेचौतीसच्या वर. गेलं. म्हणून गेटवेच्या बाजूला टीसीएक्सओ (तापमानाची चूक स्वतःच भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर) असलेलं मॉड्यूल घ्या, गेटवे एकच असतो, तिथले जास्तीचे पैसे सगळ्या टॅगमध्ये वाटले जातात, आणि टॅगवर साधा क्रिस्टल चालून जातो. रेंज वाढवायला बँडविड्थ ६२.५ वर आणायचा मोह होतो, ती आणली तर मर्यादा निम्मी होते आणि टॅगवर पण टीसीएक्सओ लागतो.

स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर (लोराच्या सगळ्यात हळू सेटिंगवर) एक पॅकेट सेकंदाच्या वर चालू शकतं, तेवढ्यात जास्त पॉवरची चिप स्वतः तापते, ती उष्णता बोर्डवरून क्रिस्टलला पोचते आणि पॅकेट चालू असतानाच फ्रिक्वेन्सी सरकायला लागते. एसएक्स १२६२ ही लोराची चिप पूर्ण पॉवरवर वापरणार असाल तर क्रिस्टलखालचं तांबं चिपखालच्या तांब्याला थेट जोडू नका, क्रिस्टलभोवती तांबं कापून घ्या.

पाऊस, फ्लक्स आणि पॉटिंग

आपल्या भागात हे वेगळं सांगायला पाहिजे, कारण जांबोटी-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. क्रिस्टलच्या पायांमध्ये फ्लक्स राहिला आणि त्यावर दमट हवा बसली की तिथून बारीक करंट गळतो, ३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल तर फार नाजूक ड्राइव्हवर चालतो, तो बंद पडतो. उन्हाळ्यात पास झालेला टॅग पावसात मेला तर आधी फ्लक्स बघा. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने धुवा, नीट वाळवा, मग कोटिंग. अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये बोर्ड टाकू नका, ट्यूनिंग फोर्कचा क्रिस्टल त्या कंपनाने आतल्या आत मोडू शकतो.

गुरांच्या टॅगमध्ये एपॉक्सी भरतात, त्यालाच पॉटिंग म्हणतात, भरावंच लागतं. पण एपॉक्सी क्रिस्टलच्या पायांभोवती गेली की स्ट्रे कपॅसिटन्स वाढतं आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. म्हणून वरचं जीपीएसचं मोजमाप पॉटिंगच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा करा, पीपीएसच्या दोन वायरी बाहेर काढून ठेवलेले दोन-तीन सॅम्पल मुद्दाम भरून, आणि कपॅसिटरची व्हॅल्यू नंतरच्या आकड्यावरून ठरवा.

लॉट घ्यायच्या आधी

रील मोठी घ्यायच्या आधी तिचा तुकडा मागवा, पाच-दहा बोर्ड जोडा, प्रत्येकावर पेनने नंबर टाका. खोलीत मोजा, मग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून काढल्या काढल्या मोजा (पिशवीत घट्ट बांधून, नाहीतर दव बसतं), मग गरम पेटीत ६० डिग्रीपर्यंत नेऊन मोजा, हेअर ड्रायर नको, त्याने एक बाजू तापते आणि दुसरी नाही. वहीत चार रकाने करा, बोर्ड नंबर, थंड, खोली, गरम. तिन्ही रकान्यांत सगळ्यात वाईट आकडा बघा आणि त्यात एजिंगचे तीन मिळवा, ४० च्या आत आणि शक्यतो ३० च्या आत बसला तर लॉट घ्या. रीलवरचा पार्ट नंबर, कपॅसिटरची व्हॅल्यू आणि तारीख त्याच पानावर लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी दुसऱ्या दुकानातून "तोच" क्रिस्टल आला की सीएल बदललेला असू शकतो, आणि तेव्हा त्या जुन्या पानाशी दोन बोर्ड ताडून बघायला अर्धा तास पुरतो.